बडोद्याचे अरविंदबाबू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आम्ही बडोदेकर त्यांना लक्ष्मीविलास दाखवतो, सयाजीबाग दाखवतो आणि वेळ उरला तर दांडिया बाजारातल्या अरविंद निवासात घेऊन जातो. तिथून बाहेर पडताना बहुतेकांच्या मनात अरविंद घोष म्हणजे पाँडिचेरीचे महायोगीच असतात. मग प्रश्न सुरू होतात. ते इथे काय करत होते? राजकारणात कसे पडले? मराठी येत होतं का? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर मुद्दाम १८९३ ते १९०८ या काळावर ठेवला आहे. संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी, बहिष्काराची मांडणी, सशस्त्र उठावाची तयारी हे सगळं या वर्षांतलं. त्याची सुरुवात आमच्या गावात झाली आणि त्यात मराठी माणसांचा हात मोठा होता. आपल्याच लोकांना हे ठाऊक नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अरविंद घोष बडोद्याला आले कसे? ते तर बंगाली ना?

बंगाली, पण बंगाली न येणारे. १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्त्यात जन्म. वडील डॉ. कृष्णधन घोष सिव्हिल सर्जन होते आणि मुलांवर हिंदुस्थानी वारा लागू नये अशी त्यांची इच्छा होती. म्हणून १८७९ मध्ये, सातव्या वर्षी, अरविंदांना दोन मोठ्या भावांबरोबर इंग्लंडला ठेवलं. मँचेस्टर, मग लंडनची सेंट पॉल शाळा, मग केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. लॅटिन आणि ग्रीकमध्ये ते इतके तयार होते की १८९० च्या आयसीएस, म्हणजे हिंदुस्थानातल्या वरिष्ठ सनदी नोकरीच्या, परीक्षेत अकरावे आले. पण घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत आणि १८९२ मध्ये अपात्र ठरले. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे की ती नोकरी नको होती, म्हणून हे मुद्दाम केलं.

त्याच सुमाराला सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. जेम्स कॉटन यांच्या ओळखीतून भेट झाली आणि दरमहा २०० रुपयांवर नेमणूक ठरली. आयसीएसच्या तोडीचा माणूस २०० रुपयांत मिळाला याचा महाराजांना फार आनंद झाला होता, असं अरविंद नंतर सांगत. ६ फेब्रुवारी १८९३ ला ते मुंबईला अपोलो बंदरावर उतरले आणि तिथून थेट बडोद्याला आले. मुलगा ज्या बोटीने येतोय ती बुडाली, अशी चुकीची बातमी वडिलांना मिळाली होती. त्या धक्क्याने ते गेले. बाप-लेकाची भेट झालीच नाही.

इथे त्यांची नोकरी काय होती?

आधी सर्व्हे-सेटलमेंट, मग महसूल, मग दिवाण कचेरी. कारकुनी कामात त्यांचा जीव रमत नसे. महाराज पत्रांचे आणि भाषणांचे मसुदे करायला त्यांना बोलावून घेत. १९०३ मध्ये काश्मीरच्या दौऱ्यावर चिटणीस म्हणून नेलं, पण ते दोघांनाही मानवलं नाही. खरं मन लागलं ते बडोदा कॉलेजात. आधी फ्रेंच, मग इंग्रजी, पुढे उपप्राचार्य आणि शेवटी हंगामी प्राचार्य. कन्हैयालाल मुनशी हे त्यांचे इथले विद्यार्थी. आज विद्यापीठाच्या कला शाखेची घुमटवाली इमारत आहे ना, तेच ते कॉलेज.

‘इंदुप्रकाश’मधले लेख एवढे महत्त्वाचे का मानतात?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते अरविंदांच्या राजकीय विचाराचं बी याच लेखांत आहे.

‘इंदुप्रकाश’ हे मुंबईचं इंग्रजी-मराठी पत्र. इंग्रजी बाजू केशवराव देशपांडे पाहत. ते अरविंदांचे केंब्रिजपासूनचे मित्र. त्यांनी आग्रह केला आणि ७ ऑगस्ट १८९३ पासून ‘न्यू लॅम्प्स फॉर ओल्ड’ ही लेखमाला सुरू झाली. लेखकाचं नाव छापलं नव्हतं. तो लेखक २१ वर्षांचा व्हायला आठवडा बाकी होता आणि त्याला मायदेशी येऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

त्या वेळी काँग्रेसचं वय आठ वर्षांचं. डिसेंबरात जमायचं, राणीसरकारच्या न्यायबुद्धीवर विश्वास व्यक्त करायचा, ठराव करायचे, अर्ज करायचे. अरविंदांनी या साऱ्यावर सरळ घाव घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : काँग्रेसचे हेतू चुकीचे आहेत, मार्ग चुकीचे आहेत आणि पुढारी पुढारीपणाला लायक नाहीत. ही मंडळी म्हणजे इंग्रजी शिकलेला मूठभर मध्यमवर्ग. स्वतःच्या नोकऱ्या आणि कौन्सिलातल्या जागा यापलीकडे त्यांची नजर जात नाही आणि हे सगळं ते राष्ट्राच्या नावाने मागतात.

इंग्लंडने हळूहळू सुधारणा करत स्वातंत्र्य मिळवलं, आपणही तसंच करू, हा नेमस्तांचा आवडता युक्तिवाद होता. इंग्लंडातच वाढलेल्या या मुलाने तो मोडून काढला. फ्रान्सकडे बघा, तो म्हणाला. तिथे शतकानुशतकांचं काम थोड्या वर्षांत झालं आणि ते सभ्य अर्जांनी झालं नाही. ते सामान्य, अडाणी, पिचलेल्या माणसांनी रक्त आणि आग यांतून केलं. आपल्याकडेही खरी किल्ली त्या श्रमिक जनतेच्या हाती आहे. आज ती निजलेली आहे, पण तिला जो समजून घेईल आणि जागं करील तोच उद्याचा धनी.

१८९३ मध्ये, संस्थानी नोकरीतल्या एका तरुणाने हे लिहिलं. गांधीजी त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत नुकते पोहोचले होते.

आणखी एक वाक्य मला सगळ्यांत मोठं वाटतं. आपला खरा शत्रू बाहेरची कोणतीही सत्ता नाही, असं ते लिहितात. आपला भित्रेपणा, आपला स्वार्थ, आपलं ढोंग आणि आपली आंधळी भावविवशता, हा आपला शत्रू. इंग्रजांवर आग ओकणारे लेख पुढे पुष्कळ आले. स्वतःच्या समाजाला एवढं कठोर आणि एवढ्या कळवळ्याने बोलणारे फार थोडे.

न्यायमूर्ती रानड्यांनी हे लेख बंद पाडले का?

बंद नाही, सौम्य करायला लावले. पहिल्या एक-दोन लेखांनीच मुंबईतल्या काँग्रेसवाल्यांत खळबळ उडाली. असंच चाललं तर राजद्रोहाचा खटला होईल, असा इशारा रानड्यांनी पत्राच्या मालकांना दिला. देशपांड्यांनी अडचण सांगितली, अरविंदांनी सूर उतरवला, आणि मग त्यांचा त्यातला रसच गेला. मार्च १८९४ मध्ये मालिका संपली. पुढे भेट झाली तेव्हा रानड्यांनी त्यांना तुरुंगसुधारणेसारख्या एखाद्या विषयावर लिहायचा सल्ला दिला होता. रानड्यांना नुसतं भित्रे म्हणून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर जी संस्थांची बांधणी केली तिच्या दृष्टीने हा मुलगा घर पेटवायला निघाला होता. पण १८९३ मध्ये काळ कुणाच्या बाजूला होता हे पुढच्या पंधरा वर्षांनी दाखवून दिलं.

त्यांचे मराठी मित्र कोण होते?

पहिले केशवराव देशपांडे. ते पुढे स्वतःच बडोद्याच्या नोकरीत आले आणि गुप्त कामात अरविंदांच्या बरोबर राहिले. नर्मदाकाठच्या गंगनाथला त्यांनी राष्ट्रीय शाळा काढली. काका कालेलकरांनी तिथे शिकवलं. सरकारी दडपणामुळे १९१२ च्या सुमारास ती बंद करावी लागली.

दुसरे खासेराव जाधव. विलायतेत शेतीचं शिक्षण घेऊन आलेले, संस्थानात मोठ्या हुद्द्यावरचे. दांडिया बाजारातला तो लाल बंगला त्यांचा. अरविंद बरीच वर्षं तिथे राहिले आणि आता तेच घर अरविंद निवास म्हणून ओळखलं जातं. खासेरावांचे धाकटे भाऊ माधवराव बडोद्याच्या लष्करात होते. अरविंदांचा त्यांच्यावर सख्ख्या भावासारखा जीव. क्रांतिकार्यात माधवराव पूर्ण उतरले होते.

पाटकर नावाचा एक विद्यार्थी त्यांच्याकडे राहत असे. त्याच्या आठवणींतली ही गोष्ट बडोद्यात अजून सांगतात. तीन महिन्यांचा पगार एकदम मिळायचा. अरविंद ती थैली टेबलावरच्या तबकात ओतून ठेवत. कुलूप नाही, हिशेब नाही. मुलाने विचारलं, असं का? अरविंद म्हणाले, आपण प्रामाणिक माणसांत राहतो याचाच हा पुरावा नाही का?

प्राणायाम त्यांनी १९०४ च्या आसपास देवधर नावाच्या एका इंजिनिअरकडून घेतला. तेही बडोद्याचेच, चांदोदच्या ब्रह्मानंदांचे शिष्य. सुरुवातीला अरविंदांना योग हवा होता तो मोक्षासाठी नव्हे, देशाच्या कामाला बळ मिळावं म्हणून.

त्यांना मराठी येत होतं का?

येत होतं. इथे आल्यावर ते मराठी, गुजराती आणि संस्कृत शिकले, आणि बंगालीसुद्धा इथेच पक्की केली. त्यासाठी दीनेंद्रकुमार रॉय हे लेखक १८९८ मध्ये कलकत्त्याहून येऊन त्यांच्याजवळ राहिले. दीनेंद्रकुमारांनी वर्णन केलेले अरविंद वाचताना हा माणूस डोळ्यांसमोर येतो : जाडंभरडं अहमदाबादी धोतर, काथ्याची गादी घातलेली लोखंडी खाट, आणि डासांच्या गराड्यात रात्री उशिरापर्यंत दिव्यापाशी चाललेलं वाचन. मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यांकडून पेटाऱ्यांनी पुस्तकं यायची.

मराठी इतिहास त्यांच्या किती आत उतरला होता हे ‘बाजी प्रभू’ या त्यांच्या इंग्रजी खंडकाव्यात दिसतं. ते १९१० मध्ये ‘कर्मयोगिन’ साप्ताहिकात छापून आलं. तपशील आपल्या इतिहासाशी तंतोतंत जुळत नाही. पावनखिंड आणि विशाळगड यांऐवजी रांगण्याचं नाव येतं, आणि आदिलशाही फौजेऐवजी मोगल. शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला ते खटकतं, मलाही खटकलं. पण काव्यातले बाजी म्हणतात की लढणारा मी नाही, माझ्या हातून लढते ती भवानी. हे वाक्य त्या काळच्या अरविंदांच्या राजकारणाचं मर्म आहे. १९०५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पत्रकाचं नावही ‘भवानी मंदिर’ असंच.

बडोद्यात बसून त्यांनी गुप्त संघटना चालवली, हे खरं का?

हो. पश्चिम हिंदुस्थानात एक गुप्त मंडळ होतं. उदेपूरकडचे एक ठाकूर त्याचे प्रमुख, मुंबईत त्याची समिती. १९०२ च्या आसपास अरविंद त्यात शपथ घेऊन सामील झाले. देशी पलटणींत माणसं फोडायचं ठाकूरांचं काम चाललं होतं आणि त्यांपैकी एका पलटणीतल्या शिपायांना भेटायला अरविंद स्वतः मध्य हिंदुस्थानात जाऊन आले.

त्याआधीची गोष्ट जतींद्रनाथ बॅनर्जींची. त्यांना सैनिकी शिक्षण हवं होतं आणि ब्रिटिश फौजेत बंगाल्यांना घेत नसत. अरविंदांनी जाधव बंधूंच्या मदतीने त्यांना बडोद्याच्या घोडदळात भरती केलं, तेही ‘यतिंदर उपाध्याय’ असं नाव बदलून. तयार झाल्यावर १९०२ मध्ये त्यांना बंगालला पाठवलं. तिथे व्यायामशाळा, घोडेस्वारी, लाठी या मिषाने तरुणांचे गट बांधायचे आणि तीस वर्षांत देश उठावाला तयार करायचा, असा हिशेब होता. धाकटे भाऊ बारींद्र हेही बडोद्याला येऊन या कामात ओढले गेले. भगिनी निवेदिता ऑक्टोबर १९०२ मध्ये बडोद्याला आल्या तेव्हा त्यांची आणि अरविंदांची भेट झाली आणि पुढे बंगालच्या गटांना निवेदितांची मोठी साथ मिळाली.

बंगाली क्रांतिकारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कलकत्त्याचे गल्लीबोळ येतात. त्या चळवळीच्या पहिल्या प्रचारकाने, जतींद्रनाथांनी, घोड्यावर मांड ठोकायला शिकलं ते गायकवाडी पागेत, मराठी स्वारांबरोबर.

सयाजीराव महाराजांना हे माहीत होतं का?

अरविंदांनी त्यांना आपल्या कटात कधीच घेतलं नाही. महाराजांच्या राष्ट्रीय वृत्तीबद्दल मात्र इंग्रजांना कायम संशय होता आणि १९११ च्या दिल्ली दरबारानंतर तो आणखी वाढला. निवेदितांनी महाराजांशी या विषयावर बोलून पाहिलं, पण ते पुरते सावध होते. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर दुसरं काय करणार? रेसिडेंटच्या एका अहवालावर गादी जाऊ शकत होती. आधीचे महाराज मल्हारराव यांना इंग्रजांनी गादीवरून काढलेलं सगळ्या संस्थानाने १८७५ मध्ये पाहिलं होतं.

टिळकांशी त्यांचं नातं कसं होतं?

टिळक या एकाच माणसाला अरविंदांनी खऱ्या अर्थाने पुढारी मानलं. १९०२ च्या डिसेंबरात अहमदाबादला काँग्रेस भरली होती. टिळक त्यांना मंडपाबाहेर घेऊन गेले आणि तासभर मैदानात बोलत राहिले. नेमस्तांच्या चळवळीबद्दलची नापसंती आणि महाराष्ट्रातली आपली कार्यपद्धती त्यांनी मोकळेपणाने सांगितली.

डिसेंबर १९०७ ची सुरत काँग्रेस म्हणजे या नात्याची कसोटी. अधिवेशन ठरलं होतं नागपूरला. तिथे टिळकपक्षाचा जोर, म्हणून नेमस्तांनी ते सुरतेला हलवलं. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे : टिळक बोलायला उभे राहिले, त्यांना बोलू देईनात, गोंधळ माजला, कुणीतरी फेकलेला पायातला दक्षिणी जोडा नेमस्त पुढारी फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यापर्यंत पोहोचला, खुर्च्या उडाल्या. काँग्रेस फोडण्याचा इशारा आपण टिळकांना न विचारता दिला होता, असं अरविंदांनी नंतर लिहून ठेवलं आहे. टिळकांना फूट नको होती. ते हाडाचे संघटक. अरविंदांना मात्र वाटत होतं की नेमस्तांच्या छायेत राहून राष्ट्रीय पक्ष कधीच वाढणार नाही. माझं मत टिळकांच्या बाजूने झुकतं. फुटीनंतर वर्षभरात टिळक मंडालेला गेले, अरविंद कलकत्त्याच्या अलीपूर तुरुंगात, आणि पक्ष कित्येक वर्षं पोरका झाला.

पुढे १९१८ मध्ये टिळकांच्या लेख-भाषणांच्या इंग्रजी संग्रहाला अरविंदांनी प्रस्तावना लिहिली. एका राजकीय माणसाने दुसऱ्याबद्दल इतकं समजून लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं.

चांगली नोकरी सोडून ते कलकत्त्याला का गेले?

१६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आली आणि ज्या क्षणाची बारा वर्षं वाट पाहिली तो समोर उभा राहिला. १९०६ मध्ये त्यांनी बडोद्याहून रजा घेतली आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या नव्या राष्ट्रीय महाविद्यालयाचं प्राचार्यपद घेतलं. तिथला पगार बडोद्याच्या मानाने अगदी तुटपुंजा होता.

मन कुठे होतं ते ३० ऑगस्ट १९०५ च्या पत्रात आहे. ते त्यांनी पत्नी मृणालिनीदेवींना लिहिलं. आपल्याला तीन वेडं आहेत, असं ते सांगतात. जे मिळतं त्यातलं गरजेपुरतं ठेवून बाकीचं देवाचं म्हणून देऊन टाकायचं, हे पहिलं. काहीही करून देवाचं प्रत्यक्ष दर्शन घ्यायचं, हे दुसरं. तिसरं असं की इतरांना देश म्हणजे शेतं, रानं, डोंगर, नद्या वाटतात, मला तो आई वाटतो. आईच्या छातीवर राक्षस बसून रक्त पीत असेल तर मुलगा निवांत जेवायला बसेल का? हे पत्र पुढे अलीपूरच्या बॉम्ब खटल्यात पुरावा म्हणून वाचलं गेलं. मृणालिनीदेवी लग्नाच्या वेळी, १९०१ मध्ये, चौदा वर्षांच्या होत्या. नवऱ्याच्या वाट्याला आलेला गौरव त्यांच्या वाट्याला आला नाही. बरीच वर्षं माहेरी एकटीने काढून १९१८ च्या इन्फ्लुएंझात त्या गेल्या. अरविंदांचं चरित्र सांगताना त्यांना वगळू नये असं मला फार वाटतं.

‘निःशस्त्र प्रतिकार’ हा गांधीजींच्या आधी अरविंदांनी मांडला का?

एप्रिल १९०७ मध्ये ‘वंदे मातरम्’ या कलकत्त्याच्या इंग्रजी दैनिकात त्यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. तिची मांडणी अशी : परकं राज्य आपल्या सहकार्यावर उभं आहे, ते सहकार्य काढून घ्या. विलायती माल घेऊ नका, स्वदेशी घ्या. सरकारी शाळांत मुलं घालू नका, राष्ट्रीय शाळा काढा. सरकारी कोर्टांत जाऊ नका, तंटे लवादाने मिटवा. कारभाराला मदत करू नका. आणि जो हे मोडून शत्रूला मिळेल त्याच्यावर समाजाने बहिष्कार घालावा. नुसतं नाही म्हणून भागत नाही, प्रत्येक नकाराबरोबर आपली स्वतःची व्यवस्था उभी राहिली पाहिजे, हा त्यातला सर्वांत टिकाऊ भाग.

१९२० चा असहकाराचा कार्यक्रम समोर ठेवला तर साम्य लगेच दिसतं. फरक मात्र पायातच आहे. गांधीजींना अहिंसा हे तत्त्व होतं. अरविंदांना निःशस्त्र मार्ग हा त्या परिस्थितीत योग्य ठरलेला मार्ग होता. सरकार कायद्याच्या मर्यादेत राहील तोवर आपणही राहू, त्याने अंगावर हात टाकला तर स्वसंरक्षण हे कर्तव्य, असं ते स्पष्ट लिहितात. युद्धाची वेळ आली असता क्षत्रियाने संन्याशाचा धर्म धरू नये, ही त्यांची भूमिका गीतेवरची. आणि मागणी वसाहतीच्या स्वराज्याची नाही, ब्रिटिशांच्या ताब्यापासून पूर्ण मुक्त अशा स्वराज्याची. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो १९२९ च्या लाहोर अधिवेशनात.

जानेवारी १९०८ मध्ये बडोद्यात काय घडलं?

सुरतेहून अरविंद बडोद्याला आले. विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वागताला जायची बंदी होती. मुलं वर्गांतून बाहेर पडली, गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढली.

बारींद्रांनी तार करून विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याला ग्वाल्हेरहून बोलावून घेतलं होतं. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोघं तीन दिवस बसले. विचार आपल्या आत उपजत नाहीत, बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधीच परतवून लाव, एवढंच लेल्यांनी सांगितलं. तीन दिवसांत अरविंदांचं मन संपूर्ण निःशब्द झालं. अडचण अशी की लगेच पुणे-मुंबईचा भाषणांचा दौरा ठरला होता आणि डोक्यात एकही विचार नव्हता. लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा, बोलणं येईल. १९ जानेवारीला मुंबईत त्यांनी भाषण केलं ते असंच. राष्ट्रवाद हा राजकीय कार्यक्रम नाही, तो ईश्वराकडून आलेला धर्म आहे, हा त्या भाषणाचा गाभा. पुढे नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर. महाराष्ट्राने त्यांना जितकं ऐकलं ते या एका महिन्यात.

अलीपूर खटल्यात ते निर्दोष सुटले. मग बॉम्बशी त्यांचा संबंध होता की नव्हता?

कायद्याने नव्हता. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बारींद्रांच्या गटाचा बॉम्ब पडला, २ मेला अरविंदांना अटक झाली, वर्षभर तुरुंगात काढलं, चित्तरंजन दासांनी बचाव केला आणि ६ मे १९०९ ला न्यायाधीश बीचक्रॉफ्ट यांनी त्यांना सोडलं. हे बीचक्रॉफ्ट आयसीएसच्या परीक्षेला त्यांच्याच तुकडीत होते.

इतिहासाचा निकाल इतका सरळ नाही. बंगालमधल्या गुप्त गटांची पहिली आखणी त्यांची, बारींद्र त्यांचा भाऊ, आणि क्रांतिकारी संघटनेशी आपला संबंध होता हे त्यांनी उत्तरायुष्यात नाकारलं नाही. मात्र एकट्यादुकट्या अधिकाऱ्याला मारणं हा आपला कार्यक्रम नव्हता, उघड देशव्यापी उठाव हा होता, असं त्यांचं म्हणणं. मला ते प्रामाणिक वाटतं. तरीही मुझफ्फरपूरच्या त्या गाडीत ज्याच्यावर नेम होता तो न्यायाधीश किंग्जफोर्ड नव्हता, केनेडी मायलेकी होत्या आणि दोघी मेल्या. या दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच हा अध्याय वाचावा.

मग ते राजकारण सोडून पळाले का?

हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो, आणि त्यामागे सावरकर-टिळकांनी भोगलेल्या शिक्षांची आठवण असते. १९१० च्या फेब्रुवारीत पुन्हा अटकेची बातमी आली आणि ते चंद्रनगरला गेले, ४ एप्रिलला पाँडिचेरीला पोहोचले. फ्रेंच मुलूख असल्याने इंग्रजांना हात लावता येईना. अटक टाळली हे खरं. पण परत येण्याची दारं उघडी झाली तेव्हाही ते आले नाहीत. १९२० मध्ये बॅरिस्टर बॅप्टिस्टांनी मुंबईत संपादकपद देऊ केलं, डॉ. मुंज्यांनी नागपूर काँग्रेसचं अध्यक्षपद. दोन्हींना नकार. भीती हे कारण असतं तर १९२० मध्ये ते उरलं नव्हतं. स्वातंत्र्य येणार याची त्यांना खात्री झाली होती आणि त्या स्वातंत्र्याचं माणसाने काय करायचं हा प्रश्न त्यांनी उरलेल्या आयुष्यासाठी घेतला. ५ डिसेंबर १९५० ला ते गेले.

देवीच्या प्रतिमांनी त्यांचा राष्ट्रवाद एकाच धर्माचा झाला, हा आरोप बरोबर आहे का?

त्यात तथ्य आहे. भवानी, शक्ती, गीता यांनी हिंदू तरुण पेटून उठला, आणि त्याच भाषेत मुसलमान शेजाऱ्याला स्वतःची जागा सापडली नाही. अरविंदांनी मुसलमानांना परकं म्हटलेलं नाही. तरी प्रतिमांचं वजन युक्तिवादापेक्षा जास्त असतं. ‘इंदुप्रकाश’मधला अरविंद वर्गाची भाषा बोलतो, ‘वंदे मातरम्’मधला धर्माची, आणि या दोघांपैकी पहिला मला आज अधिक जवळचा वाटतो. १५ ऑगस्ट १९४७ च्या संदेशात त्यांनी फाळणी कायमची मानू नये असं कळकळीने म्हटलं.

डॉ. आंबेडकरही बडोद्यात होते. दोघांची भेट झाली का?

बडोद्यात शक्य नव्हतं. अरविंद १९०६ मध्ये गेले, बाबासाहेब संस्थानच्या नोकरीत आले ते १९१३ मध्ये. पण हा प्रश्न योग्य जागी बोट ठेवतो. अरविंदांना या गावात घर, मित्र, प्रेम सगळं मिळालं. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या आंबेडकरांना याच गावात राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं. श्रमिक जनता हीच किल्ली असं लिहिणाऱ्या अरविंदांच्या लेखांत जातीचा प्रश्न हवा तसा येत नाही. तो आंबेडकरांनी मांडला. दोघांना शेजारी ठेवून वाचल्याशिवाय बडोदं पुरतं कळत नाही.

बडोद्यात काय काय पाहता येईल?

दांडिया बाजारातला अरविंद निवास, कला शाखेचा घुमट आणि सयाजीबाग, म्हणजेच कमाटीबाग. पहिल्याच वर्षी कमाटीबागेच्या रस्त्यावर त्यांच्या घोडागाडीला अपघात होता होता टळला आणि त्या क्षणी आपल्यातून एक तेजस्वी पुरुष प्रकटल्याचा अनुभव आला, असं त्यांनी लिहिलं आहे. वेळ असेल तर चांदोद-कर्नाळी करावं. कर्नाळीच्या कालीमंदिरात त्यांना मूर्तीत पहिल्यांदा जिवंत अस्तित्व जाणवलं. सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत परत येता येतं.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

‘दिव्य जीवन’ या त्यांच्या मोठ्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापासून करू नका. ते सेनापती बापटांसारख्या माणसाने मराठीत आणलं हे आपलं भाग्य, पण ते नंतर. आधी मृणालिनीदेवींना लिहिलेलं पत्र वाचा, अर्ध्या तासाचं काम आहे. मग ‘न्यू लॅम्प्स’, मग निःशस्त्र प्रतिकाराची लेखमाला, मग ३० मे १९०९ चं उत्तरपाड्याचं भाषण. त्या भाषणात राजकारणी आणि योगी एकाच व्यासपीठावर उभे दिसतात. त्यांचे सर्व लेख आश्रमाच्या समग्र ग्रंथमालेत आहेत. ‘न्यू लॅम्प्स’चं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, वाक्यं लांबलचक आहेत. घाई न करता रोज एकच लेख घ्या, आणि त्या काळची काँग्रेस ठाऊक नसेल तर आधी फिरोजशहा मेहता आणि रानडे यांच्याबद्दल थोडं वाचून घ्या, म्हणजे टीका कुणावर चालली आहे ते कळेल.